काठावरचे नाव



गेल्या महिन्यात माझ्या आत्याची चाळ रिकामी झाली. इमारत पाडायची, नवी उभी राहीपर्यंत भाड्याच्या घरात दिवस काढायचे, असा बेत. एवढ्याशा खोलीत तीन पिढ्यांचे सामान कसे मावलेले असते, हे चाळीत वाढलेल्या माणसाला सांगायला नको. पोटमाळ्यावरून पिंप उतरले, घंगाळ उतरले, मोडका पाळणा उतरला. सगळ्यांत शेवटी एक गंजलेली लोखंडी पेटी उतरली.

जिन्याखाली भंगारवाला काटा मांडून बसला होता. माझा आतेभाऊ एकेक वस्तू खाली नेत होता आणि मी नेहमीच्या सवयीने कागदावर वजन व पैसे टिपत होतो. कारकुनाला मदतीला बोलावले की तो हिशेबच करणार!

पेटीत आजोबांचा गिरणीचा पास होता, आजीचे विरलेले नऊवारी होते, बाबासाहेबांची फ्रेम केलेली तसबीर होती, आणि बिस्किटांच्या डब्यात फडक्यात गुंडाळलेली एक गोल, तपकिरी, जाड चकती होती. चकतीच्या एका बाजूला घोड्यावर बसलेला माणूस. शेजारच्या मावशींनी पाहिले आणि म्हणाल्या, "अगंबाई, हा तर खंडोबाचा टाक दिसतोय!" आतेभाऊ हसला. "मावशी, आमच्यात टाक कुठले? छप्पन सालीच गेले सगळे." भंगारवाल्याने चकती तळहातावर तोलली आणि म्हणाला, "तांब्यात मिसळ आहे. वीस रुपये." आतेभावाने मान हलवली. चकती तांब्याच्या ढिगात जाऊन पडली. मी कागदावर लिहिले: तांबे, किरकोळ, २० रुपये.

तासाभराने आत्याने वरून हाक मारली, "अरे, डब्यातला बिल्ला कुठं ठेवलास?"

आम्ही दोघे एकमेकांकडे पाहत राहिलो. मग खाली धावलो. भंगारवाला भला माणूस. त्याने ढीग पसरून दिला, आम्ही चकती शोधून काढली आणि त्याचे वीस रुपये परत केले. माझ्या कागदावरची ती ओळ मी खोडली. आजच्या लेखाचा विषय ती खोडलेली ओळ आहे.

रात्री आत्याच्या नव्या भाड्याच्या खोलीत आम्ही ती वस्तू दिव्याखाली घेतली. आमच्या घरात ठाऊक असलेली गोष्ट एवढीच होती की पणजोबा पहिल्या महायुद्धाच्या वेळी "बसऱ्याला" गेले होते. मोबाईलच्या बॅटरीचा उजेड बाजूने तिरपा पाडला, की झिजलेली अक्षरेही सावलीमुळे उठून दिसतात. ही युक्ती मला कचेरीतल्या जुन्या शिक्क्यांनी शिकवली.

एका बाजूला उघड्या डोक्याचा राजा, डावीकडे तोंड केलेला. भोवती लॅटिन अक्षरांत त्याचे नाव: जॉर्ज पाचवा. दुसऱ्या बाजूला उघड्या अंगाचा घोडेस्वार. घोड्याच्या टापांखाली गरुडाचे चिन्ह असलेली ढाल, शेजारी कवटी आणि हाडे, आणि दोन आकडे: १९१४ आणि १९१८. व्यास ३६ मिलिमीटर. वर फीत ओवण्यासाठी सरळ आडवी पट्टी. ती फिरत नाही, घट्ट बसवलेली असते. फीत कधीच कुजून गेली होती. मूळ फीत मध्ये नारिंगी आणि दोन्ही कडांना पांढरी, काळी व निळी पट्टी अशी असे.

ही सगळी लक्षणे एकाच पदकाची आहेत. ते ब्रिटिश युद्धपदक. पहिले महायुद्ध संपल्यावर, १९१९ साली ते सुरू करण्यात आले. त्यावरचा घोडेस्वार खंडोबा नव्हे. तो इंग्रजांचा संत जॉर्ज, आणि टापांखालची ढाल जर्मनीच्या प्रशियाची. टाक हा पातळ पत्र्यावर ठोकून उठवलेला असतो, त्याच्या मागच्या बाजूला राजाचे तोंड नसते. मावशींची चूक मात्र समजण्यासारखी आहे. आमच्या पणजीनेही तीच केली होती, हे पुढे सांगतो.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट पदकाच्या दोन्ही बाजूंवर नव्हती. ती होती काठावर. रुपयाचे नाणे उभे धरले म्हणजे जी कड दिसते, तिथे. माझ्या आतेभावाची मुलगी यंदा नर्सिंगला लागली आहे. तिची नजर तरुण. तिने पदक हळूहळू फिरवत इंग्रजी अक्षरे एकेक करून वाचली. आधी एक क्रमांक. मग हुद्दा: "लेबरर". मग नाव. शेवटी "लेबर कोअर".

नावाचे स्पेलिंग चुकलेले होते. पण ते आमच्या पणजोबांचेच नाव होते, आणि पूर्ण होते.

आत्या गप्प बसून ऐकत होती. तिचे वय पंच्याहत्तरच्या घरात. साठ वर्षे हा बिल्ला तिने सांभाळला, दरवर्षी चौदा एप्रिलला बाहेर काढून पुसला. ती म्हणाली, "मला वाटायचं काठाला नक्षी आहे. त्याचं नाव आहे होय ते?" मग तिने पोरीला तेच पुन्हा वाचायला लावले. तीन वेळा.

आता "लेबरर" या शब्दाकडे आणि धातूकडे वळू. हेच पदक लढणाऱ्या सैनिकांना चांदीचे मिळाले. ती पदके सुमारे ६५ लाख होती. ब्राँझची मात्र सुमारे १ लाख १० हजारच काढली गेली, आणि ती मुख्यतः चिनी, माल्टाच्या आणि भारतीय मजूर-तुकड्यांतल्या माणसांना दिली गेली. चित्र तेच, राजा तोच, युद्ध तेच. फरक धातूचा. बंदूक धरणाऱ्याला चांदी आणि ओझे वाहणाऱ्याला ब्राँझ. हिंदुस्थानच्या फौजेत ही रीत १८८० च्या दशकातील ब्रह्मदेशाच्या मोहिमेपासून चालत आली होती. पाणके, झाडूवाले, डोलीवाले, मोतद्दार यांचे पदक शिपायाच्या पदकाहून हलक्या धातूचे असे. माणसांच्या उतरंडीची सवय असलेल्या आपल्या देशात हे कोणाला खटकलेही नसेल.

पण ओझे वाहणारे थोडे नव्हते. पहिल्या महायुद्धात भारतातून जे तेरा-चौदा लाख लोक भरती झाले, त्यांत साडेपाच लाखांच्या आसपास न लढणारे होते. मजूर, हमाल, खेचरवाले, पाणके, स्वयंपाकी, झाडूवाले. इतिहासकार राधिका सिंघा यांनी २०२० साली या माणसांवर इंग्रजीत एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला आहे. आमचे पणजोबा ज्याला बसरा म्हणत, तो इराकचा मुलूख तेव्हा मेसोपोटेमिया म्हणून ओळखला जाई. नोव्हेंबर १९१४ मध्ये इंग्रजांनी बसरा घेतले, मार्च १९१७ मध्ये बगदाद. या दोन शहरांच्या मधली सगळी लढाई जहाजातून उतरवलेल्या मालावर चालत होती. धक्के बांधायचे, पोती उतरवायची, रूळ टाकायचे, पुराला बांध घालायचे. हे काम कोणी केले? ब्राँझवाल्यांनी केले.

या माणसांची नावे किती टिकली, तेही पाहा. बसऱ्याजवळ १९२९ साली जे मोठे स्मारक झाले, त्यावर इंग्रज शिपायाचे नाव कोरलेले होते. आपल्या साध्या शिपायाचे नाव नव्हते. अमुक पलटणीचे इतके, असा नुसता आकडा होता. राष्ट्रकुलाच्या युद्धसमाधी आयोगाने २०२१ साली आपल्याच कारभाराची चौकशी करून अहवाल दिला. पहिल्या महायुद्धात मेलेल्या किमान १ लाख १६ हजार माणसांची नावानिशी आठवण ठेवलीच गेली नाही, असे त्यात मान्य केले आणि माफी मागितली. त्यांत पूर्व आफ्रिका आणि इजिप्तची माणसे सर्वांत जास्त. म्हणजे शंभर वर्षे काही लोक नुसते आकडा होऊन राहिले. अशा वेळी वीस रुपयांच्या तुकड्यावर एका मजुराचे नाव ठशाने उमटलेले असावे, ही साधी गोष्ट नाही. गावात आमच्या पणजोबांना कोणी पूर्ण नावाने हाक मारली नव्हती. नाव तोडून, शेवटी "-या" लावूनच हाक येई. पूर्ण नाव फक्त या काठावर आहे.

त्या रात्री आत्याने आणखी एक गोष्ट सांगितली. ती मला चैन पडू देत नाही, म्हणून तुमच्यापुढे ठेवतो.

पणजोबांचे धाकटे भाऊ पलटणीत होते. ते लढणाऱ्यांत मोडत. त्यांचा बिल्ला चांदीचा होता. घरात मान त्या चांदीच्या बिल्ल्याला. पाहुणे आले की तो दाखवायचा, लग्नाकार्यात तो छातीवर लागायचा. तांब्याचा बिल्ला मात्र पणजीने देव्हाऱ्यात ठेवून दिला होता. घोड्यावरचा स्वार पाहून ती त्याला खंडोबा समजली. हळदीकुंकू वाहायची, राखेने घासायची. आजही घोड्याच्या पायांमधल्या खाचेत पिवळा कण अडकलेला दिसतो. पुढे १९५६ साली धम्मदीक्षा झाली आणि घरातले देव पाण्यात सोडायचे ठरले. टाकांच्या गाठोड्यात हा बिल्लाही बांधला गेला. पणजोबांनी गाठोडे सोडवून तो बाहेर काढला आणि म्हणाले, "हा देव नाही. ही माझी मजुरी आहे." आत्या तेव्हा पाच-सहा वर्षांची होती. हे वाक्य तिला जसेच्या तसे आठवते.

"आणि चांदीचा?" मी विचारले.

आत्याने पाय पुढे केला. बोटांतली जोडवी दाखवली. "माझ्या लग्नात मोडला. पैसे नव्हते. याच्यात आहे तो."

यात दोष कोणाला द्यायचा? लेकीच्या लग्नाला चांदी लागते आणि घरात चांदी तेवढीच आहे. आमच्या आजोबांच्या जागी मी असतो तर मीही तेच केले असते. हा आपल्या समाजाच्या अडाणीपणाचा भागही नव्हे. १९८० च्या सुरुवातीला जगभर चांदी भडकली तेव्हा खुद्द इंग्लंडमधल्या घरांतून ही चांदीची पदके ढिगाने भट्टीत गेली. पण परिणाम पाहा. ते धाकटे आजोबा १९१७ साली उभारलेल्या १११ महार पलटणीत होते की दुसऱ्या कुठल्या तुकडीत? त्यांचा क्रमांक काय होता? आता हे जगात कोणालाही आमच्या घरातून सांगता येणार नाही. ते काठावर लिहिलेले होते आणि काठ वितळला.

जे किमती होते, ते किमतीपायी गेले. जे कवडीमोल होते, ते कवडीमोल म्हणून वाचले. मी बी.कॉम.ला असताना वस्तूची पुस्तकी किंमत आणि बाजारभाव यांतला फरक शिकलो होतो. तिसरीही एक किंमत असते, ती कुठल्याच खतावणीत बसत नाही, हे त्या रात्री कळले.

तरीही बाजारभाव टाळून चालत नाही. आपण नोकरदार, कामगार माणसे आहोत. माझ्या आतेभावाची कंत्राटी नोकरी दिवाळीआधी गेली. मुलीच्या फीचा दुसरा हप्ता भरायचा आहे. त्याने मला सरळ विचारले, "दादा, इतिहास बरोबर आहे. पण याचे पैसे किती येतील?" हा प्रश्न विचारण्यात लाजण्यासारखे काही नाही. म्हणून आम्ही चौकशी केली.

आधी एका सराफाकडे गेलो. त्याने कसोटी न लावताच सांगितले, "चांदी नाही. घेऊन काय करू?" सराफ धातू तोलतो. त्याच्या दृष्टीने तो बरोबर होता. मग नाणी व पदकांच्या एका प्रदर्शनात गेलो. तिथल्या व्यापाऱ्याने राजाकडे पाहिले नाही, घोड्याकडे पाहिले नाही. त्याने पहिल्यांदा भिंग लावून काठ पाहिला. मग विचारले, "याच्याबरोबर काही कागद आहेत का? डिस्चार्जचा दाखला, फोटो, पत्र?" आम्ही नाही म्हटले. तो म्हणाला, "चार हजार." आम्ही उठू लागलो तसा सहावर आला. सहा हजार हा काही या पदकाचा भाव नव्हे. एका दिवशी एका माणसाने केलेली एक बोली एवढाच त्याचा अर्थ. पण वीस रुपयांवरून सहा हजारांवर जे काही गेले, ते काठाच्या जोरावर.

हे का होते, ते समजून घ्या. छापील चित्र लाखो पदकांवर एकच असते. वेगळा असतो तो फक्त काठ. नाव स्पष्ट आहे का, तुकडी कोणती, तशी पदके किती उरली असतील, मूळ फीत आणि कागद बरोबर आहेत का, यांवर संग्राहक पैसे मोजतो. काठ घासून नाव पुसलेले असेल, किंवा एकाचे नाव खोडून दुसऱ्याचे घातलेले असेल, तर किंमत कोसळते. नकली पदकेही बाजारात असतात. त्यांची उठावाची रेषा बोथट असते आणि काठ बहुधा कोरा असतो. ब्राँझचे पदक चांदीपेक्षा दुर्मिळ, म्हणून जाणकार ते मुद्दाम शोधतो. एके काळी हलके ठरवलेले आता जास्त मागितले जाते!

सहा हजारांची बोली घेऊन आम्ही घरी आलो. आतेभावाने आत्याला सांगितले. मला वाटले, ती रडेल किंवा रागावेल. ती म्हणाली, "विकायचा तर वीक बाबा. पोरीचं शिक्षण मोठं. आजोबा असता तरी हेच म्हणाला असता. पण त्याआधी मला त्याचं नाव मराठीत कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दे."

पोरीने लिहिले. क्रमांक, हुद्दा, नाव, तुकडी. आत्याने तो कागद बाबासाहेबांच्या तसबिरीखाली ठेवला. आतेभाऊ बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने पदक परत फडक्यात गुंडाळले आणि डब्यात ठेवले. फीचा हप्ता मी आमच्या पतपेढीतून उचल घेऊन भरला. तो दरमहा थोडे थोडे फेडणार आहे. म्हणजे आमच्या घरचा ताळेबंद असा जुळला. दर घराचा असाच जुळेल असे मी म्हणणार नाही. कोणावर विकण्याची पाळी आली तर त्याला नावे ठेवणारा मी कोण? माझे मागणे इतकेच की वस्तू घराबाहेर जाण्याआधी तिच्यावरचे नाव घरात राहिले पाहिजे.

आज ठिकठिकाणी चाळी पडत आहेत, गावची मातीची घरे खचत आहेत, म्हाताऱ्या माणसांच्या पेट्या उघडल्या जात आहेत. आपल्या समाजात सैन्यातली, गोदीतली, रेल्वेतली, गिरणीतली माणसे घरटी एक तरी निघेल. म्हणून काही गोष्टी लक्षात ठेवा.

१) सापडलेली वस्तू घासू नका. चिंच, मीठ, राख, पावडर काही नको. जुन्या धातूवरचा काळसर थर हा त्याचा दाखला असतो. तो काढला की खुणाही जातात आणि किंमतही जाते. धूळ असेल तर कोरड्या सुती कापडाने हलकेच पुसा.

२) काठ वाचा. तिरप्या उजेडात, भिंगातून किंवा मोबाईलच्या कॅमेऱ्यातून. आकडा, हुद्दा, नाव, तुकडी जसे आहे तसे, स्पेलिंगच्या चुकीसह उतरवून घ्या. दोन्ही बाजूंचे आणि काठाचे फोटो काढा.

३) वस्तूबरोबरचे कागद वेगळे करू नका. डिस्चार्जचा दाखला, पेन्शनचा कागद, जुने पत्र, गटातला फोटो यांनी वस्तू बोलकी होते. दाखला एकीकडे आणि पदक दुसरीकडे गेले की दोन्ही मुके होतात.

४) घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारा आणि तो सांगेल ते तारखेसह लिहा. हे काम उद्यावर टाकू नका. खंडोबाची आणि गाठोड्याची गोष्ट कुठल्याही तज्ज्ञाला पदक पाहून सांगता आली नसती.

५) पदक कोरड्या जागी, सुती कापडात किंवा साध्या कागदात ठेवा. मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटात धातूवर हिरवा चिकट थर येतो. रबरबँड लावू नका, त्याने चांदी काळी पडते.

६) माहिती हवी असेल तर दिल्लीचे राष्ट्रीय अभिलेखागार आहे. त्यांची पुष्कळ कागदपत्रे "अभिलेख पटल" या नावाने संगणकावरही पाहता येतात. दिल्लीचीच युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशन ही संस्था सैनिकी इतिहासाचे काम करते. महार रेजिमेंटचे केंद्र मध्य प्रदेशात सागर येथे आहे, पण ती रेजिमेंट १९४१ ची. १११ महार पलटण १९२१ सालीच मोडली होती, हे लक्षात ठेवून विचारणा करा.

७) कायदा जाणून घ्या. १९७२ च्या पुरातन वस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. त्याला तुरुंगवासाची शिक्षा आहे. तेव्हा परदेशातल्या गिऱ्हाइकाने मोठा आकडा सांगितला तरी पार्सल करू नका. अशा वस्तूंचा धंदा करणाऱ्याला परवाना लागतो, तो बघायला मागा. जमीन खणताना काही सापडले तर ती गोष्ट वेगळी. दहा रुपयांहून जास्त किमतीचे गुप्तधन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते, असा १८७८ चा कायदा आहे. पेटीत सापडलेला वारसा मात्र तुमचाच.

८) एकाच माणसाच्या सांगण्यावर विकू नका. निदान तिघांना दाखवा, आणि वजनावर बोलणाऱ्याला शेवटी दाखवा. संग्रहालयाला द्यायचे असेल तर अटी लिहून, पावती घेऊन द्या. पावतीवर देणाऱ्याचे नव्हे, ज्याचे पदक त्याचे नाव आधी लिहून घ्या.

९) वारसा म्हणजे फक्त मुलग्यांचा नव्हे. १९५६ चा वारसा कायदा आपल्या बौद्ध घरांनाही लागू आहे आणि त्यात मुलीचा वाटा आहे. आमच्या घरातले पदक भावांनी नाही, बहिणीने सांभाळले. पेटी उघडताना लेकींना बोलवा.

शेवटी एक विचार मनात येतो. १८९० च्या दशकात महारांना सैन्याचे दार बंद झाले, तेव्हा गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज लिहिला. १९१० साली शिवराम जानबा कांबळ्यांनी लिहिला. आमच्या वाडवडिलांची नावे तुमच्याच दप्तरात आहेत, ती बघा, असे सरकारला कागद दाखवून सांगावे लागले. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब कोरेगावच्या स्तंभापाशी गेले, तिथेही दगडावर नावेच कोरलेली आहेत. लिहिलेले नाव हाती असले म्हणजे बोलणाऱ्याला आधार असतो. ज्यांची नावे स्तंभावर नाहीत, त्यांची कुठे तरी एखाद्या डब्यात, फडक्यात, काठावर असतील. ती आपणच शोधली पाहिजेत.

आमच्या घरातल्या कागदावर आता मोठ्या अक्षरांत एक नाव आहे. त्याच्याखाली आतेभावाच्या मुलीने आपण होऊन आणखी एक ओळ सोडली आहे, धाकट्या आजोबांसाठी. क्रमांकाची जागा कोरी, तुकडीची जागा कोरी. नाव मात्र आत्याला आठवत होते. ते तिने सांगितले, पोरीने लिहिले.

येत्या रविवारी तुमच्या घरातली पेटी उघडा. जयभीम!